चोवीस चिरूट, वास ठीक

बुधवारी सकाळी फोन वाजला तेव्हा दप्तरदारांच्या एका गालाची दाढी झाली होती आणि दुसऱ्या गालाला नुकता साबण लागला होता. तो साबण पुढे नुसताच पुसला गेला. दिवसभर ऑफिसात लोक आपल्या तोंडाकडे टकमक का पाहत होते हे त्यांना संध्याकाळी बायकोने आरसा दाखवून सांगितले. पण तोवर त्यांच्यापुढे एवढे मोठे संकट उभे राहिले होते की अर्ध्या दाढीचे दुःख करायला सवडच नव्हती.

फोनवर मोठे साहेब होते. साहेबांना निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती आणि ते दुसऱ्या शहरात राहायला गेले होते. तरी त्यांचा आवाज ऐकताच दप्तरदार टॉवेल सावरून ताठ उभे राहिले.

“दप्तरदार! नात झाली मला, नात!”

“अभिनंदन, साहेब!”

“रविवारी सकाळी अकराला येतो तुमच्याकडे. माझी पेटी आहे ना?”

“आहे साहेब. जशीच्या तशी.”

माणसाने ‘जशीच्या तशी’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी निदान एकदा झाकण उघडून बघावे. पण दप्तरदारांना तशी गरज वाटली नाही, कारण सांभाळणे हा त्यांचा धर्म होता. ऑफिसच्या तळघरातल्या दप्तरखान्यात ते एकतीस वर्षे बसत होते आणि एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक कागद इकडचा तिकडे झालेला नव्हता. कायम ठेवायचे कागद, तीस वर्षे ठेवायचे कागद आणि नाश करायचे कागद अशी त्यांच्या लेखी साऱ्या सृष्टीची तीन भागांत वाटणी झालेली होती. नुसते दारात उभे राहून, कुठल्या मांडणीवरच्या फायलींना ओल लागली आहे ते ते नाकाने सांगत. एकदा त्यांनी कोपऱ्यातल्या भिंतीकडे बोट दाखवले तेव्हा सगळे हसले, आणि चार दिवसांनी त्याच भिंतीतला पाइप फुटला. मोठे साहेब दर महिन्याला खाली येत, नोंदवही पाहत आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहीत: ‘पाहिले.’ चांगले नाही, वाईट नाही, नुसते पाहिले. दप्तरदार हा शब्द बायकोला घरी येऊन सांगत आणि बायको म्हणे, “बघितलं म्हणजे काय उपकार केले? डोळे कशाला दिलेत?”

अशा साहेबांनी नोकरीच्या शेवटच्या दिवशी दप्तरदारांना वर बोलावून एक देवदाराची पेटी त्यांच्या हातात ठेवली. आत चोवीस चिरूट होते, चांगले अंगठ्याएवढे जाड. “मुलीला मूल झालं की ओढणार आहे,” साहेब म्हणाले. “माझ्याकडे राहिले तर महिन्यात संपतील आणि आमच्या हिला दिसले तर एका दिवसात. तुमच्यासारखा जपणारा माणूस नाही. फार कोरडं नको, फार ओलं नको. आत बशीत ओला स्पंज असू द्या.” दप्तरदारांनी जन्मात विडीलासुद्धा हात लावलेला नव्हता. पण साहेबांनी ‘तुमच्यासारखा माणूस नाही’ म्हणावे आणि आपण चिरुटाच्या गुणदोषांची चर्चा करावी हे त्यांच्या रक्तात नव्हते. त्यांनी पेटी घरी आणली, कपड्यांच्या कपाटात ठेवली आणि तिच्या नावाने एक नोंदवही उघडली. महिन्याच्या एक तारखेला आणि पंधरा तारखेला स्पंज बदलायचा आणि लिहायचे: ‘स्पंज बदलला. वास ठीक.’ तीन वर्षांच्या बहात्तर नोंदी झाल्या होत्या. फक्त चिरुटांवर लाकडाचा जो पातळ पापुद्रा अंथरलेला होता तो त्यांनी कधी उचलला नव्हता. दुसऱ्याच्या ठेवीत डोकावू नये, असे त्यांचे मत होते.

तो पापुद्रा त्यांनी त्या बुधवारी, एका गालाची दाढी केलेल्या अवस्थेत, उचलला.

चिरूट पांढरे झाले होते.

“अगं!” दप्तरदारांनी अशी हाक मारली की बायको हातातली उलथणी घेऊनच धावत आली.

“काय झालं? आणि हे काय? पीठ लावून ठेवलंत की काय त्यांना?”

“बुरशी,” दप्तरदार कसेबसे म्हणाले. “बुरशी आली. साहेबांची ठेव. माझ्या कपाटात.”

“माझ्यासुद्धा कपाटात,” बायको म्हणाली. “खालच्या कप्प्यात माझ्या चांगल्या साड्या आहेत. त्यात रडण्यासारखं काय आहे? आणा इकडे, ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसते आणि गच्चीत उन्हात टाकते. चार वाजेपर्यंत चकचकीत.”

दप्तरदार पेटीवर आडवे पडायचेच काय ते बाकी राहिले.

आता इथे खरे तर त्यांनी गप्प बसून विचार करायला हवा होता. पण त्यांच्या इमारतीत गप्प बसायची सोय नव्हती. त्या संध्याकाळी सात वाजेपर्यंत दप्तरदारांकडे काहीतरी पांढरे पडले आहे, ही बातमी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचली आणि पहिले आले ते तळमजल्यावरचे कंपाउंडर. चाळीस वर्षे एका डॉक्टरांकडे औषधाच्या बाटल्या भरल्यामुळे डॉक्टरांना जे थोडेफार कळत नव्हते ते यांना कळे. त्यांनी नाकाला रुमाल बांधून पेटीत पाहिले.

“बुरशी. शंकाच नको. वास घेऊ नका दप्तरदार, फुप्फुसात जाऊन बसते. किती दिवस कपाटात आहे? तीन वर्षं? जीभ दाखवा बघू.”

दप्तरदारांनी जीभ दाखवली. कंपाउंडरांनी ती पाहून अशी मान हलवली की दप्तरदारांनी ती लगेच आत घेतली.

एवढ्यात वरच्या मजल्यावरचे सर्वज्ञकाका आले. त्यांचा एक मावसभाऊ बोटीवर आचारी होता आणि तेवढ्या भांडवलावर काकांनी साऱ्या जगाचे ज्ञान मिळवलेले होते. त्यांनी पेटीत पाहिले आणि टाळीच वाजवली.

“कसली बुरशी घेऊन बसलात! याला फुलोरा म्हणतात, फुलोरा! चिरूट नीट मुरला की त्याच्या आतलं तेल बाहेर येतं आणि अंगावर असा पांढरा थर धरतो. जाणकार लोक याच्यासाठी जीव टाकतात. तुमचं नशीब उघडलं, दप्तरदार.”

“आणि बुरशी असेल तर?” दप्तरदारांनी विचारले.

“बुरशी असेल तर नशीब फुटलं,” काका म्हणाले. “पण ओळखायला सोपं आहे. फुलोरा सगळीकडे सारखा असतो, भुकटीसारखा. बोट फिरवलं की साफ निघतो, खाली डाग राहत नाही. बुरशी असते ठिपक्याठिपक्यांची, केसाळ, निळसर-हिरवट, आणि पुसली तरी डाग ठेवून जाते. हे बघा.” असे म्हणून त्यांनी पहिल्या चिरुटावरून बोट फिरवले. पांढरे निघाले. “बघा! फुलोरा!”

“कुठं निघालं? डाग आहे की,” असे म्हणून कंपाउंडरांनी दुसऱ्यावरून बोट फिरवले.

“मला काही डाग दिसत नाही,” असे म्हणून बायकोने तिसऱ्यावरून फिरवले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या बाई आल्या, त्यांनी चष्मा नाही म्हणून दोनदा फिरवले. मग बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे दप्तरदारांचा मेहुणा, सहज डोकावला. तो पाणीपुरवठा खात्यात होता आणि कुठलीही गोष्ट हाताळल्याशिवाय त्याला दिसत नसे. परीक्षा इतकी सोपी होती की प्रत्येकाला ती स्वतः घेऊन बघावीशी वाटत होती. पण जो तो बोट फिरवून परीक्षा घेत राहिला तर शेवटी परीक्षेला काहीच उरणार नाही, हे फक्त दप्तरदारांच्या लक्षात आले. वरच्या थरातल्या बारापैकी नऊ चिरुटांवर बोटांचे पट्टे उमटले होते.

“तपासणी बंद!” दप्तरदार ओरडले. त्यांनी झाकण लावले आणि पेटीवर हात ठेवून बसले. शेजारी जरा दुखावले, पण चहा घेऊनच गेले.

जाताना मेहुणा म्हणाला, “भाऊजी, ही लोकांची मतं काय ऐकता? शास्त्रीय तपासणी करून घ्या. आमच्या ऑफिसच्या मागंच सरकारी प्रयोगशाळा आहे. माझं नाव सांगा.”

हे नाव त्या प्रयोगशाळेत कुणीही ऐकलेले नव्हते, हे शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेल्यावर दप्तरदारांना कळले. त्यांनी वरच्या थराच्या कोपऱ्यातला बारा नंबरचा चिरूट स्वच्छ कागदात गुंडाळून नेला होता. नंबर त्यांनी आदल्या दिवशीच घातले होते, वरचा थर एक ते बारा, खालचा तेरा ते चोवीस. खिडकीमागे एक बाई बसल्या होत्या. त्यांनी छापील फॉर्म पुढे केला.

“नमुना कशाचा? खाद्य, पेय, पाणी का माती?”

“चिरूट.”

“असा रकाना नाही. खाता का?”

“छे! खायचा कसा?”

“मग पिता का?”

“तसं, विडी-चिरूट पितात असं म्हणतात खरं.”

“मग पेय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी खूण केली. “पेयाचा नमुना किमान अर्धा लिटर लागतो. बाटली बुचाची हवी, स्क्रूच्या झाकणाची चालत नाही.”

दप्तरदारांनी कागद उलगडून चिरूट दाखवला. “बाई, हा अर्धा लिटर कसा करू?”

“ते तुम्ही बघायचं. नाहीतर अर्ज करा की आमचा पदार्थ कुठल्याच रकान्यात बसत नाही. तो वर जाईल. वरून आला की एकवीस दिवसांत अहवाल. सगळं दोन प्रतींत.”

दुसरा कोणी असता तर भांडला असता. पण दप्तरदारांना भांडता येईना. रकान्यात बसत नाही म्हणून आजवर आपण किती माणसे परत पाठवली, हे त्यांना एकेक करून आठवू लागले. त्यातला एक म्हातारा तर रडायला आला होता आणि आपण त्याला ‘दोन प्रतींत’ असेच म्हणालो होतो. दप्तरदारांनी बाईंना मनापासून नमस्कार केला आणि चिरूट घेऊन परत आले. बाईंना तो टोमणा वाटला.

उरला शनिवार. सर्वज्ञकाकांनी अखेरचा उपाय सांगितला. “चव! बोलून-चालून ओढायची वस्तू. एक ओढून बघायचा. गोड लागला तर फुलोरा, कडू लागला तर बुरशी. माझा मावसभाऊ असंच करायचा.”

ठेवीतला एक चिरूट जाळायचा, या कल्पनेने दप्तरदार सकाळभर घरात येरझारा घालत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटून पेटीत हात घातला. सात नंबर आला. त्यांनी नोंदवहीत लिहिले: ‘क्र. ७ परीक्षणार्थ.’ आणि चार वाजता सगळी मंडळी गच्चीत जमली. काका, कंपाउंडर आणि मेहुणा खुर्च्यांवर बसले, बायको पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर. दप्तरदार उभेच होते. जवळच्या माणसाचे ऑपरेशन चालू असताना माणूस बसत नाही.

काकांनी चिरूट तोंडात धरला, काडी ओढली आणि जोर लावला. काहीच झाले नाही. गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण धूर काही येईना. तीन काड्या संपल्या. “ओला आहे,” काका म्हणाले. कंपाउंडरांनी घेतला, त्यांचेही तेच. “आत बुरशीनं बोळा बसलाय,” ते म्हणाले.

“तोंडाकडची बाजू बंद आहे ती,” बायको कट्ट्यावरून म्हणाली. “दोन्हीकडे भोक नसलं तर वारा जाणार कुठून?” तिने खाली जाऊन कात्री आणली आणि टोक कचकन कापले. दप्तरदारांनी डोळे मिटून घेतले.

मग मात्र धूर आला, आणि आला तो थांबेचना. तिघांनाही तो विझेल अशी धास्ती होती. त्यामुळे जो हातात घेई तो ओल्या लाकडाची चूल फुंकावी तसा भसाभसा ओढी आणि घाईघाईने पुढच्याला देई. एवढे करून तो पाच वेळा विझलाच. पाच वेळा पेटवला. वीस मिनिटांत काकांचा चेहरा हिरवट झाला, मेहुणा कठड्याला धरून लांबवर बघत बसला आणि कंपाउंडर स्वतःचीच नाडी पाहू लागले.

“कसा लागला?” दप्तरदारांनी विचारले.

“कडू,” काका म्हणाले.

“जहर,” कंपाउंडर म्हणाले.

मेहुणा बोलण्याच्या स्थितीत नव्हता, पण त्याने हाताने ‘टाकून द्या’ अशी खूण केली.

मग कडूपणाचे निदान सुरू झाले. कंपाउंडर म्हणाले, बुरशीच. काका कालपर्यंत फुलोऱ्याच्या बाजूचे होते, पण पोट ढवळायला लागल्यापासून त्यांचा पक्ष डळमळला होता. ते म्हणाले, स्पंजाला नळाचे पाणी वापरले त्याचा हा परिणाम. यावर पाणीपुरवठा खात्याला कंठ फुटला आणि मेहुणा क्षीण आवाजात म्हणाला, “आमच्या पाण्याला नावं ठेवायचं काम नाही. चिरूट जुने झालेत.” तिघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत झाले, की दप्तरदारांना सांभाळता आले नाही. एरवी इमारतीच्या जिन्यातल्या दिव्यावरसुद्धा या तिघांचे एकमत होत नसे.

“नाचता येईना अंगण वाकडं,” बायको कात्री उचलत म्हणाली. पण कुणी मनावर घेतले नाही, आणि दप्तरदारांच्या तर कानांपर्यंत ते पोचलेच नाही. ‘सांभाळता आलं नाही’ असे एकतीस वर्षांत त्यांना कुणी म्हणालेले नव्हते. त्यांना फार लागले ते.

खाली येऊन ते पेटी घेऊन आतल्या खोलीत बसले. टाकून द्यायच्या आधी शेवटचे म्हणून त्यांनी झाकण उघडले. आणि सवयीने, एकतीस वर्षांच्या सवयीने, वाकून वास घेतला.

मग पुन्हा घेतला.

पेटीला कुबट वास होता, पण सगळीकडून नव्हता. तो उजव्या कोपऱ्यातून येत होता. दप्तरदारांनी डोळे मिटले. आता ते घरात नव्हते, दप्तरखान्याच्या दारात उभे होते. त्यांनी एक नंबरचा चिरूट उचलून नाकाशी धरला. देवदार, वाळलेले गवत, जुन्या चामडी बांधणीची वही. दोन, तेच. तीन, तेच. जळून गेलेला सात सोडून दहापर्यंत तेच. अकरा नंबरला मात्र ओल्या गोणपाटाचा वास आला आणि बारालाही. मग त्यांनी ते दोन्ही दिव्याखाली धरले. खालच्या अंगाला बारीक केसाळ ठिपके होते, निळसर. खालच्या थरातले बाराही चिरूट हुंगून झाले. तिथे काही नव्हते. सगळ्यांवर सारखी पांढरी भुकटी, पिठीसारखी कोरडी. चार दिवस जगभर विचारत हिंडलो आणि उत्तर आपल्याच तोंडावर, मिशांच्या वर बसलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असे वाटून त्यांना एकट्यालाच हसू फुटले.

पण हसू फार टिकले नाही. कारण अकरा आणि बारा यांच्या बरोबर वर स्पंजाची बशी असे. त्यांनी नोंदवही काढली, मागे मागे गेले, आणि सव्वा वर्षापूर्वीची एक नोंद सापडली. अक्षर त्यांचेच होते: ‘सासुरवाडीला पंधरा दिवस मुक्काम. स्पंज बदलणे अशक्य. सबब दुप्पट पाणी घातले.’ आणि खाली: ‘परत आलो. बशीतले पाणी सांडलेले आढळले. पुसले. वास ठीक.’

वास ठीक नव्हता. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. सासुरवाडीला त्यांना नेहमीच सर्दी होई.

बायको चहा घेऊन आली तेव्हा दप्तरदार वहीकडे बघत बसले होते. त्यांनी तिला सगळे सांगितले.

“मग झालं तर! बाकीचे चांगले आहेत ना? ते दोन टाकून द्या आणि एकवीस आहेत म्हणा. साहेबांना काय आठवतंय, वीस होते का पंचवीस?”

“नसेल आठवत,” दप्तरदार म्हणाले. “पण वहीत चोवीस लिहिलंय.”

“वही तुमचीच आहे. साहेबांनी कुठं मागितली आहे?”

हे खरे होते आणि म्हणूनच फार अवघड होते. साहेबांच्या लेखी आपण काय आहोत हे त्यांना पेटी देतानाच्या त्यांच्या एका वाक्यावरून माहीत होते आणि उद्या ते पुसले जाणार होते. मग त्यांनी पेन काढले. ‘क्र. ११ व १२ बुरशीने खराब. कारण: जादा पाणी.’ शेवटी एक रकाना होता, ‘जबाबदार’. ऑफिसातल्या नोंदवह्यांत तो असतोच आणि त्यात आपले नाव येऊ नये म्हणून माणसे बदल्या करून घेतात. दप्तरदारांनी त्यात लिहिले: ‘स्वतः.’

रविवारी अकराला पाच कमी असताना साहेब आले. दप्तरदारांच्या आजवर पाहण्यात आलेले साहेब आणि हे साहेब यांत फार फरक होता. हे साहेब जिना चढतानाच ओरडत होते, “दप्तरदार, फोटो बघा, फोटो!” फोटोत एक लाल मूठ आणि जांभई दिसत होती. सगळ्या इमारतीने तो पाहिला. काका आणि कंपाउंडर आधीच येऊन बसले होते. एक दुःखद प्रसंग आहे तर आपण हजर असलेच पाहिजे, असे त्यांना वाटले होते.

दप्तरदारांनी पेटी समोर ठेवली. साहेबांनी झाकण उघडले आणि वाकून पाहिले. दप्तरदारांनी दोन्ही हात मागे घट्ट धरले होते.

“फुलोरा,” साहेब हळूच म्हणाले. “अहो, फुलोरा धरलाय! मी आयुष्यात दोनदा पाहिलाय. काय सांभाळलंत हो!”

“मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो,” सर्वज्ञकाका म्हणाले.

“मलाही तसंच वाटलं होतं, पण बोललो नाही,” कंपाउंडर म्हणाले.

“पण हे पट्टे कसले?” साहेबांनी चष्मा वर केला. “बोटं? एवढी बोटं कुणाची?”

सगळ्यांनी आपापले हात खिशात घातले.

“साहेब,” दप्तरदार म्हणाले, “एकवीस आहेत. चोवीस होते.” आणि त्यांनी वही पुढे केली. बायकोने आतल्या दारातून कपाळाला हात लावला.

साहेबांनी वही घेतली. पहिल्या पानापासून वाचायला लागले. ‘स्पंज बदलला. वास ठीक. स्पंज बदलला. वास ठीक.’ ते मोठ्याने वाचू लागले, मग हळू आवाजात, मग नुसतेच पान उलटू लागले. बहात्तर नोंदी संपल्या आणि शेवटचे पान आले. ‘जबाबदार: स्वतः’ या शब्दांवर साहेब थांबले. मग त्यांनी रुमाल काढून नाक शिंकरले, आणि ते सर्दीमुळे नव्हते हे दप्तरदारांना कळले.

“आणि सात नंबर?”

“चव बघितली साहेब. कडू लागला.”

“कडू? हा? कसा ओढलात?”

काकांना राहवेना. त्यांनी पुढे होऊन हवेतच करून दाखवले. भसाभसा, गाल आत, डोळे बाहेर. पाच वेळा विझला आणि पाच वेळा पेटवला, हेही सांगितले. साहेब बघत राहिले आणि मग असे हसू लागले की त्यांना खुर्चीचा हात धरावा लागला.

“अहो, चिरूट आहे तो, इंजिन नव्हे! मिनिटाला एक झुरका. जास्त ओढला की तापतो, तापला की कडू होतो. आणि पाच वेळा विझवून पेटवला तर अमृतसुद्धा कडू होईल. कडू चिरूट नव्हता, घाई कडू होती.”

“मी हेच म्हणाले होते,” दारातून आवाज आला. हे मात्र खरे होते.

साहेबांनी खिशातून छोटी कातर काढली, एका चिरुटाचे टोक अलगद उडवले, पेटवला आणि खिडकीशी बसून, नातीचा फोटो मांडीवर ठेवून, एक झुरका घेतला. मग कितीतरी वेळाने दुसरा. कंपाउंडर घड्याळ लावून मोजत होते. खोलीत एक मंद, गोडसर वास पसरला आणि दप्तरदारांनी तो नाकाने पूर्ण तपासून घेतला. देवदार, गवत, जुनी वही. कुठेही ओल नव्हती.

निघताना साहेबांनी दोन चिरूट खिशात घातले, पेटी बंद केली आणि दप्तरदारांच्या हातात परत दिली. “बाकीचे इथंच राहू द्या. दर वाढदिवसाला येत जाईन. पेन आहे का?”

पेन दप्तरदारांच्या खिशाला नेहमीच असे. साहेबांनी वही गुडघ्यावर धरून काहीतरी लिहिले, सही केली आणि जिना उतरून गेले. दप्तरदार दारातच उभे राहून वाचू लागले. ऑफिसच्या वहीत शेऱ्याच्या ज्या रकान्यात साहेबांचा एकच शब्द येत असे, घरच्या वहीतल्या त्याच रकान्यात आज तीन होते: ‘पाहिले. ओढले. गोड.’

“काय लिहिलंय?” बायकोने विचारले.

दप्तरदार शेवटच्या रकान्याकडे बघत होते. तिथे ‘जबाबदार’ याच्याखाली, त्यांच्या स्वतःच्या ‘स्वतः’च्या बरोबर खालच्या ओळीत, साहेबांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले होते: ‘दप्तरदार.’

बायकोने वही ओढून घेऊन वाचली, एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि पेटी उचलून कपाटात ठेवली. या वेळी तिने ती साड्यांच्या कप्प्यात ठेवली, आणि म्हणाली, “उद्या एक तारीख आहे. स्पंज बदलायचाय. पाणी बेतानं घाला.”